गाडीच्या कपाळावर कुंकू

मंगळवार, १२ मार्च २०२४

नळाला आज नवव्या दिवशी पाणी आलं, तेही पाऊण तासच. ड्रम, पिंपं, पातेली सगळं भरून घेतलं. देवाचं पाणी आधी वेगळं काढलं. घरातले ड्रम पुरेनात म्हणून एक नवा निळा ड्रम मागच्या दाराशी डाव्या हाताला ठेवला होता. हे संध्याकाळी बाहेरून आले आणि सरळ त्यालाच धडकले. घोटा सुजला.

मी म्हटलं, "अहो, पुरुषभर ड्रम, तो दिसला नाही?"

"रोजच्या जागी नसलेल्या वस्तू ठेवू नकोस," म्हणाले. वर चूक माझीच.

जेवताना म्हणाले, "मीना, आपण गाडी बदलू." मला वाटलं, एखादी वापरलेली, बेताची. तर मोबाईलवर चित्र दाखवलं. काळी, उंच, आरशासारखी. हिला म्हणे क्रॉसओव्हर म्हणतात, जीपही नाही आणि साधी गाडीही नाही. किंमत सांगितली. या वहीत पुढून घरखर्च असतो आणि मागून मी हे लिहिते. तो आकडा दोन्ही बाजूंना लिहायचं माझं धाडस झालं नाही.

करोडी गावातल्या जमिनीचे पैसे आलेत, हे खरं. शहर तिकडं सरकलं, आमचं नशीब. पण ज्या माणसानं चपलेचा अंगठा तीनदा शिवून घेतला, त्याला ही गाडी आपणहून सुचणार नाही. कुणीतरी कान भरलेत. कुणी, ते शोधायला हवं.

गुरुवार, १४ मार्च

हिमानीचा पुण्याहून फोन. तिला आधीच माहीत! म्हणाली, "आई, घेऊ दे ना बाबांना. एडास असलेली घेताहेत, सेफ असते."

एडास म्हटल्यावर मला डासच आठवले. तिनं समजावलं. गाडीला म्हणे स्वतःचे डोळे असतात, समोर काही आलं तर ती आपली आपण थांबते. मी म्हटलं, "अगं, मग तुझे बाबा काय करणार, गाणी म्हणणार?" ती हसली. पोरगी परगावी गेली की बापाच्या बाजूची होते.

रविवार, १७ मार्च

आमच्या जुन्या गाडीच्या डाव्या दारावर पुन्हा ओरखडा. लांबलचक, मागच्या चाकापर्यंत. मागच्या महिन्यातच जहांगीरनं रंग देऊन दिली होती. रोशन गेटजवळ त्याचं गॅरेज आहे, वीस वर्षांपासून आमची गाडी तोच बघतो. ओरखडा दाखवला तर हे म्हणाले, "कुणीतरी घासून गेलं असेल." दर वेळी कुणीतरी आमचीच गाडी घासतं आणि दर वेळी काम जहांगीरलाच मिळतं. मनात आलं ते लिहिते, देव क्षमा करो. जहांगीर माणूस भला आहे, पण धंदा तो धंदा.

सोमवार, १८ मार्च

वेरूळला जाऊन आलो. हिमानी सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत ठेवली होती, तेव्हा घृष्णेश्वराला बोलले होते की पोर जगली तर दर सोमवारी येईन. एकतीस वर्षं झाली. आधी स्कूटरवर, मग गाडीत. लॉकडाऊन सोडला तर सोमवार चुकला नाही, आणि नेलं यांनीच. हे मात्र मान्य करायला हवं. पाय दुखतो, काम आहे, असं एकदाही म्हणाले नाहीत.

आज गाडी फारच सावकाश चालवली. मागचे भोंगे वाजवून वाजवून थकले. मिटमिटा गावाजवळ पाण्याच्या टँकरभोवती बायांची झुंबड होती, तिथं तर जवळजवळ थांबलेच. मी म्हटलं, "असं चालवायचं तर नव्या गाडीला एवढा वेग कशाला?"

"मला वेग नकोय," म्हणाले.

शनिवार, २३ मार्च

जालना रोडच्या शोरूममध्ये गेलो. आत एवढा गारवा की पदर खांद्यावर घ्यावा लागला. बाहेर माणसं हंडे घेऊन उभी आहेत आणि इथं काचा धुवायला पाणी आहे. आल्या आल्या कॉफी विचारली. मी नको म्हटलं. फुकटची कॉफी पुढं महागात पडते.

गाडी दाखवायला चारुता वाकळे नावाची मुलगी. सव्वीस-सत्तावीसची असेल. कोट घातलेला, पण बोलणं आपल्या सिल्लोडकडचं. "या काका, या काकू," करत होती. यांना ती आधीपासून ओळखते हे मी लगेच ताडलं. "काका, घोटा बरा आहे का?" म्हणाली. घोट्याचं हिला काय माहीत?

तिनं एकेक दाखवलं. समोरच्या गाडीच्या फार जवळ गेलो तर ही आधी ओरडते आणि नाही ऐकलं तर स्वतः ब्रेक दाबते. रस्त्यावरचा पांढरा पट्टा सोडून सरकलो तर सुकाणू हलकेच परत आणते. बाजूनं कुणी आलं तर आरशात पिवळा दिवा लागतो. झोप येतेय असं वाटलं तर कॉफीच्या कपाचं चित्र दाखवते.

मी विचारलं, "पट्टा नसलेल्या रस्त्यावर काय करते?"

"मग सांगते, काकू, की मला दिसत नाही."

"आमच्याकडं पट्टे असलेला रस्ता किती? बरं, म्हैस ओळखते? कडब्याची बैलगाडी?"

"माणूस, सायकल, गाडी ओळखते. म्हशीचं मी खात्रीनं नाही सांगणार." खरं बोलली, पण खरं बोलून विश्वास मिळवायची ही पण एक रीत असते.

यांनी तासाभरात एकच प्रश्न तीन वेळा विचारला. "आणि डावीकडून कुणी आलं तर?" तिनं तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं, तितक्याच गोडीनं. मला तर वाटलं यांना तिचा आवाजच ऐकायचाय. त्रेसष्टाव्या वर्षी.

सोमवार, २५ मार्च

चारुता नावानं फोन. हे बाल्कनीत जाऊन बोलले. मी तांदूळ निवडत बसले होते, अर्धं ऐकू आलं. "नाही, नाही, घरी नाही सांगितलं अजून," असं म्हणाले. तांदळात आज खडा एकही नव्हता तरी दोनदा निवडले.

शनिवार, ६ एप्रिल

पतसंस्थेचं काम म्हणून सकाळी गेले ते चार वाजता रिक्षानं आले. डोळ्यावर काळा चष्मा. जन्मात कधी घातला नाही. घरात आल्यावरही काढेनात. मी पंचांग पुढं केलं, पाडव्याचा मुहूर्त बघा म्हटलं, तर म्हणाले, "तूच वाच, मला आत्ता अक्षर लागत नाही." पंचांगाचं अक्षर लागत नाही आणि मोबाईलवर त्या मुलीचे निरोप बरे लागतात!

"गाडी कुठं आहे?" विचारलं.

"जहांगीरकडं ठेवलीय."

चष्मा, रिक्षा, जहांगीर, चारुता. चार धागे आहेत, गाठ सापडत नाही.

मंगळवार, ९ एप्रिल. पाडवा

गुढी उभारली. कलशात यंदा पाणी मोजकंच घातलं, देवाला कळतं. दारात रांगोळी काढली होती. हे बाहेर पडले ते डाव्या कोपऱ्यावरून, अख्खं कमळ पुसून. शेजारच्या पारूबाई डावीकडच्या जिन्यावरून "पाडव्याच्या शुभेच्छा द्यायच्या का जमिनीच्या पैशाच्या?" अशी थट्टा करत हात जोडून उभ्या होत्या. यांनी बघितलंसुद्धा नाही. पारूबाई मला म्हणाल्या, "पैसा आला की मान ताठ होते, मीनाक्षीताई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीच त्यांच्या हातावर कडुलिंबाची चटणी ठेवली.

यांना बोलले तर म्हणाले, "पारूबाई होत्या? कुठं?" आता याला काय म्हणायचं?

गुरुवार, १८ एप्रिल

फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागं, एक इवलीशी बाटली सापडली. थेंबांची. नाव इंग्रजीत, मॅट्रिकपुरत्या माझ्या इंग्रजीला झेपलं नाही. विचारलं तर म्हणाले, "धुळीचं आहे. दुष्काळाची धूळ डोळ्यात जाते." धूळ मलाही जाते. मी गुलाबपाणी घालते. धुळीच्या औषधाला लोणच्यामागं लपायला काय झालं?

शनिवार, २७ एप्रिल

आता मी सरळ विषय मांडायचं ठरवलं. गाडी घ्यायची तर कोणती, हे बसून बघू म्हटलं. चारुतानं दोन कागद दिलेत, एक स्वस्त मॉडेल, एक टॉप मॉडेल. दोन्हीत हवेच्या पिशव्या आहेत, दोन्हीला चाकं चारच. फरक एवढाच की टॉपमध्ये ते बघणारं यंत्र आहे, उघडं छप्पर आहे, गाण्याची बारा भोकं आहेत, मऊ गादी आहे.

मी म्हटलं, "स्वस्तातली घ्या. मला छप्पर नको, गाणी नकोत."

"मलाही नकोत," हे म्हणाले.

"मग टॉप कशाला?"

"त्या यंत्राशिवाय ती गाडी मला नकोय."

"एवढी वर्षं देवाच्या कृपेनं यंत्राशिवाय चालवलीत ना?"

यावर यांनी कागदाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. "मीना, अक्षय्य तृतीयेला बुक करू. एवढं माझं ऐक," म्हणाले. आवाज असा की मी लग्नापासून ऐकला नव्हता. मागणाऱ्याचा आवाज.

म्हणून तर संशय जास्तच वाढला. हट्टानं मागितलं असतं तर मी भांडले असते. हे विनवत होते. माणूस विनवतो तेव्हा काहीतरी लपवत असतो.

मी अट घातली. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नाही, सोमवारी वेरूळपर्यंत चालवून दाखवा. देवासमोर उभी राहिली गाडी, तर बघू.

सोमवार, ६ मे

दोनदा वही उघडून मिटली. तरी सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी सातला शोरूमला गेलो. चारुता कागदावर सही घ्यायला यांना आत घेऊन गेली. मी पूजेची पिशवी नेली होती. परक्याची असली तरी आपलं माणूस हिच्यावर भरवसा ठेवून बसणार, तर देवाचं बोट लावल्याशिवाय कसं बसू द्यायचं? तुपात कालवलेलं कुंकू होतं. समोरच्या जाळीवर मधोमध गोल बिल्ला आहे, तिथं ठसठशीत स्वस्तिक काढलं. खाली झेंडूची माळ बांधली. मग वाटलं, कपाळ राहिलं. काचेवर, वरच्या बाजूला, बरोबर मधे. दाराच्या पायरीवर चढून हात पुरवला आणि तिथं मोठा टिळा लावला. नमस्कार केला.

हे चालवायला, मी शेजारी, चारुता मागं. लांबूनच माळ बघून ती "छान काकू" म्हणाली. छावणीच्या पुढं गेल्यावर गाडीनं एकदा 'टण्' आवाज केला आणि सुकाणूमागं पिवळी अक्षरं आली. मी लावून लावून वाचेपर्यंत यांनी बटण दाबून घालवली. चारुता मागून म्हणाली, "काका, काही दाखवलं का?" हे म्हणाले, "काही नाही." ती फोनवर होती, पुन्हा बोलायला लागली. आणि आज हे वेगात होते. कितीतरी महिन्यांनी असे निवांत बसलेले बघितले. खांदे सैल. एका हातानं सुकाणू धरलेलं. मला वाटलं, गाडी चांगलीच दिसतेय.

मिटमिट्याला टँकर उभा होता. डावीकडून एक बाई पाण्यानं भरलेला ड्रम लोटत लोटत रस्त्यावर आली. मी लांबूनच बघत होते. यांनाही दिसतेय असंच धरून चालले होते, दिसायलाच हवी होती, हिरवं लुगडं, निळा ड्रम. गाडी हळू होईना. यंत्रही ओरडेना. तेव्हा मी ओरडले, "अहो, बाई!" आणि यांच्या हातावर हात मारला.

ब्रेक कचकन लागला. ड्रम उडाला. बाई ड्रम सोडून मागं पडली होती, तिला खरचटलंसुद्धा नाही, ही शिवाची कृपा. ड्रमचं झाकण गेलं आणि सगळं पाणी डांबरावर पसरलं. बाई उठली आणि त्या ओल्या रस्त्यावर फतकल मारून रडायला लागली.

मी धावले. "बाई, लागलं का हो? लागलं का?"

"लागलं नाय वो," ती म्हणाली, "पाणी गेलं. पहाटं चारपास्नं नंबराला हुते मी. आता पुन्ना टँकर कवा येतोय?"

मनकर्णाबाई नाव. मी माझ्या तांब्यातलं देवाचं पाणी तिला पाजलं. दुसरं काय करणार होते?

चारुतानं गाडीसमोर जाऊन पाहिलं आणि रुमालानं काच पुसली. बिल्ला पुसला. लाल झालेला रुमाल घेऊन माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "काकू, हे कपाळ नाही, इथं कॅमेरा असतो. आणि बिल्ल्याच्या मागं रडार. दोन्ही झाकलं गेलं होतं. मघाचा 'टण्' त्याचाच होता." यांच्यासमोर बोलली नाही, हा तिचा चांगुलपणा.

म्हणजे मी. माझ्या हातानं.

हे अजून सुकाणूवर बसून होते. चारुतानं विचारलं, "काका, पण तुम्हाला त्या दिसल्या नाहीत?"

"उन्हाची तिरीप आली एकदम," म्हणाले.

परत येताना चारुतानं चालवली. वेरूळला गेलोच नाही. घरून हात जोडले.

मंगळवार, ७ मे

झोप नाही. एकच येतंय मनात. सकाळी साडेसातचं ऊन. वेरूळ मावळतीला. ऊन तर आमच्या पाठीमागं होतं.

बुधवार, ८ मे

मनकर्णाबाईचं पाणी द्यायचं होतं. नळाला कालच आलेलं, त्यातले वीस-वीस लिटरचे सहा कॅन काढले. हे घरी झोपून होते. जहांगीरला फोन केला, तो त्याची मालाची गाडी घेऊन आला. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं, माझ्या कुंकवासकट. म्हटलं, "जहांगीरभाई, देवाच्या नावानं मी आंधळेपणा केला. यंत्राचे डोळे झाकले."

तो म्हणाला, "भाभी, मशीन बंद होती तो होती. साहेबांचे डोळे तर उघडे होते ना?"

मी त्याच्याकडं बघितलं. तो रस्त्याकडंच बघत होता.

"मला कसम घातलीय त्यांनी," म्हणाला. "मैं कुछ नाही बोलणार. फक्त माझ्या कामाचं सांगतो. दोन साल में तुमच्या गाडीची डावी बाजू मी सात वेळा रंगवली. उजवी एकदाही नाही. पैसे पण घेतले नाहीत मागच्या तीन वेळा. बोललो, साहेब, अब बस करो. तर म्हणाले, सोमवार आहे ना जहांगीर."

मनकर्णाबाईनं कॅन उतरवून घेतले. वर पुन्हा मलाच म्हणाली, "तुमच्या मालकाला सांगा, रागावले नाय मी. घाबरले असतील बिचारे. व्हय ना?" परतताना मी जहांगीरशी बोलले नाही. ओरखड्यांवरून मी त्याच्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते त्याला माहीत नाही. माफी मागायची तर आधी ते वाचून दाखवावं लागेल.

घरी आले आणि ही वही उघडली. मागून पुढं वाचत गेले. ड्रम, डाव्या हाताला. ओरखडा, डाव्या दारावर. रांगोळीचा डावा कोपरा. पारूबाई डावीकडच्या जिन्यावर. डावीकडून कुणी आलं तर, तीन वेळा. थेंबांची बाटली. अक्षर लागत नाही. हे सगळं दुसऱ्या कुणी नाही, मीच लिहिलंय. एवढं सुबक अक्षर काढलंय आणि एका ओळीचंही वाचन केलेलं नाही.

तरी मन म्हणतं, खात्री करून घे.

शुक्रवार, १० मे. अक्षय्य तृतीया

आज गाडी बुक करायचा दिवस होता. हे सकाळीच आंघोळ करून, सदरा घालून तयार. मी म्हटलं, "शुभ काम आहे, ओवाळते, बसा." पाटावर बसवलं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या. निरांजन तबकात न ठेवता हातात घेतलं. नेहमीसारखं उजवीकडून डावीकडं आणलं आणि तिथं धरून ठेवलं. डाव्या कानाच्या जरा पुढं, टीचभर अंतरावर. ज्योत हलत होती. गाल उजळला होता, कानाची पाळी लाल दिसत होती.

हे समोर बघत होते. शांतपणे. जरा वेळानं म्हणाले, "झालं का?"

मी निरांजन तिथंच धरून राहिले.

"मीना, झालं का? निरांजन ठेवलंस का?"

"नाही," मी म्हटलं. "इथं आहे."

यांनी मान वळवली. ज्योत एकदम नाकासमोर आली तसे दचकले. मग माझ्याकडं बघितलं. मग खाली, पाटाकडं.

मग सांगितलं. काचबिंदू. दोन वर्षं झाली. डाव्या डोळ्याचं बाजूचं सगळं गेलंय, उजव्याचंही कडेनं जायला लागलंय. समोरचं दिसतं, अक्षर दिसतं, म्हणून कुणाला कळत नाही. गेलेलं परत येत नाही, थेंबांनी उरलेलं टिकतं. मागच्या महिन्यात डोळ्यात औषध घालून तपासलं, म्हणून काळा चष्मा. डॉक्टरनं गाडी बंद करा म्हणून केव्हाच सांगितलंय. चारुताला यांनी एवढंच सांगितलं होतं की कडेचं जरा कमी दिसतं, डॉक्टरनं गाडी बंद करायला सांगितलंय हे नाही. ती म्हणाली होती, "काका, ही गाडी बघायला मदत करते, बघणाऱ्याची जागा नाही घेत. आधी काकूंना सांगा." त्यावरच ते बाल्कनीतलं बोलणं.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तू सोमवार सोडला असतास."

"माझ्या सोमवारावर ढकलू नका!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारी पारूबाईंना ऐकू गेलं असेल. "ती बाई मेली असती, तर त्या सोमवाराचं पुण्य कुठं ठेवलं असतंत? कुठल्या ड्रममध्ये?"

हे रडले. लग्नानंतर सासूबाई गेल्या तेव्हा रडले होते, त्यानंतर आज. मी निरांजन खाली ठेवलं आणि यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. हात धरण्याआधी "मी इथं आहे" असं सांगून धरला, नाहीतर पुन्हा दचकले असते.

माझ्यासाठी केलं म्हणतात. लिहिते ते खरं लिहिते. अर्धं माझ्यासाठी असेल. अर्धं असंही असेल की ज्याच्या खिशात चाळीस वर्षं किल्ली होती त्याला रिकामा खिसा सोसत नाही. दोन्ही अर्धी मी ठेवून घेतली.

किल्ली मागितली. काढून दिली. देव्हाऱ्यात ठेवलीय.

सोमवार, १३ मे

मतदान केलं. एस.टी. गाड्या त्याच कामात, वेरूळ चुकलं. घृष्णेश्वराला घरूनच कारण सांगितलं. तो ऐकून घेईल, त्याला तीन डोळे आहेत.

मंगळवार, १४ मे

डॉक्टरकडं मीही गेले. एका पेटीत डोकं घालून बसवतात. आत इकडंतिकडं ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. नंतर कागद देतात. जिथं दिसत नाही तिथं काळं. यांच्या डाव्या डोळ्याचा कागद बघून मला पूर्वीच्या नकाशातलं रान आठवलं. डॉक्टरांनी विचारलं, "गाडी चालवता?" यांनी माझ्याकडं बघितलं. मी बघून ठेवलं, या वेळी पूर्ण मान वळवून बघितलं. मग म्हणाले, "नाही."

येताना शोरूमला जाऊन कागद परत केले. चारुताला म्हटलं, "पोरी, तुझ्याबद्दल मी वाईट विचार केला."

"किती वाईट, काकू?"

सांगितल्यावर ती एवढी हसली की आतून माणसं बघायला आली. हे कानापर्यंत लाल. मी त्या दिवशीची कॉफी आज घेतली. कडू होती.

थेंब आता मी घालते, दोन्ही वेळा. बाटली लोणच्यामागून काढून देवासमोर ठेवणार होते, पण गार ठेवावी लागते म्हणून फ्रिजमध्येच, पुढच्या फळीवर.

सोमवार, २० मे

सकाळी सिडकोच्या स्टॅण्डवरून बस. मला अर्धं तिकीट, यांना पूर्ण. कंडक्टरला हे म्हणाले, "एवढी वर्षं हिचा ड्रायव्हर होतो, काही सूट?" तो म्हणाला, "काका, पासष्टचे व्हा, मग बघू."

मी खिडकीशी बसले, म्हणजे यांच्या डाव्या हाताला. चढताना "पायरी," म्हटलं. बसताना "दांडा," म्हटलं. हे म्हणाले, "तू न विचारता ओरडतेस, ते यंत्र निदान आधी दिवा लावायचं." पण पुढच्या वेळी मी गप्प राहिले तेव्हा स्वतःच विचारलं, "आता काही नाही ना?"

मिटमिटा गाव आलं. टँकर उभाच होता. रांगेतून एक बाई ड्रम लोटत बाहेर येत होती, तीच. कडेला थांबून बस जायची वाट बघत होती. मी म्हटलं, "ती बघा, मनकर्णाबाई. डावीकडं."

यांनी मान पूर्ण वळवली, माझ्यावरून ओणवे झाले, खिडकीच्या गजाला हात लावला. बस पुढं गेली.

"दिसली," म्हणाले.

माझा स्वभाव काही जायचा नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, असं वाटून मी विचारलं, "लुगडं कोणतं होतं?"

"जांभळं. त्या दिवशीचं हिरवं नव्हतं."

जांभळंच होतं.